काल्पनिक लिपीही खरी असावी लागते

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने तीन पाने स्वतःच्या हाताने लिहून काढली. मग त्यांच्या कडा आपल्या पाइपच्या विस्तवाने जाळल्या, शिवण उसवल्यासारखी दिसावी म्हणून कडेला भोके पाडली आणि रक्ताचे वाटतील असे तांबूस डाग त्यांवर टाकले. ही पाने होती मोरिया नावाच्या खाणीत अडकून मेलेल्या ड्वार्फांच्या, म्हणजे बुटक्या खाणकऱ्यांच्या नोंदवहीची. मोरिया जगाच्या कोणत्याही नकाशावर नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांना ही पाने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये जशीच्या तशी छापून हवी होती. रंगीत छपाईचा खर्च झेपणार नाही म्हणून प्रकाशकांनी नकार दिला. १९५४ साली पहिला खंड निघाला तो त्या पानांशिवाय. कादंबरीच्या आत ती पाहायला मिळाली ती २००४ सालच्या पन्नाशीच्या आवृत्तीत, टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर ३१ वर्षांनी.

हा सगळा खटाटोप कशासाठी होता, ते कादंबरीतला प्रसंग वाचल्यावर कळते. जादूगार गँडाल्फ त्या फाटक्या वहीतून वाचत जातो. कुठे ड्वार्फांची रून अक्षरे, कुठे एल्फांची वळणदार अक्षरे. एका पानावरचे मोठे, ठसठशीत अक्षर पाहून सोबतचा ड्वार्फ गिमली म्हणतो की हा ओरी या ड्वार्फाचा हात असणार. तो सुरेख आणि भरभर लिहायचा आणि पुष्कळदा एल्फांची अक्षरे वापरायचा. वहीतली अगदी शेवटची ओळही एल्फ अक्षरांतच आहे, पण ओढत नेलेल्या, घाईच्या हातातली. दार फुटायला आले आहे, शत्रू येतो आहे, आणि दगडावर कोरण्यासाठी घडलेली टोकदार रून अक्षरे काढत बसायला वेळ नाही. माणूस कोण होता, त्याच्या हाताशी कोणती लिपी होती, तिने लिहायला किती वेळ लागतो, या तीन गोष्टींवर तो प्रसंग उभा आहे. लिपी काढून टाकली तर प्रसंगाचा कणाच जाईल.

फँटसी कादंबऱ्यांतल्या लिप्यांकडे वाचक आणि प्रकाशक बहुतेक वेळा सजावट म्हणून पाहतात. मुखपृष्ठावर चार गूढ अक्षरे, नकाशाच्या कोपऱ्यात दोन ओळी, झाले काम. ही समजूत चुकीची आहे आणि तिने या साहित्याचे नुकसान केले आहे. कल्पित लिपी हा कादंबरीच्या संहितेचाच भाग असतो. पात्राच्या बोलण्याला जी शिस्त लेखक लावतो, तीच तिलाही लावायला हवी.

टॉल्किन यांना ही शिस्त व्यवसायातूनच मिळाली होती. जुन्या इंग्रजीचे ते प्राध्यापक. त्याआधी, १९१९-२० मध्ये, ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या कचेरीत डब्ल्यूने सुरू होणाऱ्या शब्दांच्या व्युत्पत्ती शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. ‘वॉलरस’ या शब्दाचे मूळ शोधताना त्यांनी घेतलेले कष्ट प्रसिद्ध आहेत. त्याच सुमारास ते आपली रोजनिशी स्वतः घडवलेल्या लिपीत लिहू लागले होते. ही लिपी पुढे ‘सराती’ नावाने ओळखली गेली. ती बहुधा वरून खाली लिहिली जाई आणि स्वरांच्या खुणा व्यंजनांच्या बाजूला लागत. अक्षरांचे उच्चार ते वारंवार बदलत राहिले, त्यामुळे स्वतःचीच जुनी पाने वाचणे त्यांना अवघड होऊन बसले. पुढे कथेत या लिपीचा निर्माता म्हणून रूमिल नावाचा एल्फ आला, आणि तिच्यात सुधारणा करून नवी लिपी घडवणारा म्हणून फेआनोर. प्रत्यक्षातही क्रम तोच होता: आधी सराती, मग तिच्यावरून ‘तेंगवार’. लेखकाच्या टेबलावर झालेला बदलच त्याच्या दंतकथेचा इतिहास बनला.

तेंगवारकडे जरा जवळून पाहायला हवे, विशेषतः मराठी वाचकाने.

तिची मूळ अक्षरे २४, जोडीला १२ जास्तीची. ही २४ अक्षरे एका कोष्टकात बसतात: चार उभे स्तंभ, सहा आडव्या ओळी. ध्वनी तोंडात कुठे तयार होतो यावरून स्तंभ ठरतो, कसा तयार होतो यावरून ओळ. बालवाडीत क, ख, ग, घ, ङ घोकलेल्या कुणालाही ही मांडणी लगेच ओळखू येईल. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हे स्थानाचे वर्ग. अघोष, घोष, अल्पप्राण, महाप्राण, अनुनासिक हे प्रयत्नाचे. हा विचार आपल्याकडच्या शिक्षाग्रंथांनी दोन हजार वर्षांपूर्वीच पक्का केला. एकोणिसाव्या शतकातले युरोपातले भाषाशास्त्र संस्कृतच्या अभ्यासातून वाढले आणि त्याच परंपरेत टॉल्किन शिकले. थेट उसनवारी शोधण्याची गरज नाही. ध्वनीचा नीट विचार करणारा माणूस अशाच एखाद्या कोष्टकापाशी पोचतो.

टॉल्किन मात्र तिथून आणखी एक पाऊल पुढे गेले. तेंगवारच्या प्रत्येक मूळ अक्षराला एक दांडा आणि एक कमान असते. दांडा खाली उतरलेला आणि कमान उजवीकडे, उघडी: हा ‘त’. तीच कमान दुहेरी केली की ‘द’. कमान एकेरीच ठेवून दांडा वर चढवला की इंग्रजी ‘थिंक’मधला घर्षणाचा थ. उघडी कमान आडव्या रेघेने बंद केली की दंत्याचा ओष्ठ्य होतो, म्हणजे ‘प’. आणि त्याची कमान दुहेरी केली की अर्थातच ‘ब’. कमान डावीकडे वळवली की ‘क’. म्हणजे घोष व्हायला कमानीला जोड लागते, घर्षण यायला दांडा उचलावा लागतो, आणि हा नियम सगळ्या स्तंभांना सारखा लागू पडतो. देवनागरीत त आणि द यांच्या आकारांत काही नाते नाही. ते वर्णमालेत शेजारी बसतात एवढेच. तेंगवारमध्ये नाते आकारातच दिसते. प्रत्यक्ष जगात याच्या जवळ जाणारे उदाहरण कोरियाच्या हंगुलचे. राजा सेजोंगने १४४३ साली ती लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली जाहीर केली. तिथेही साध्या व्यंजनाला एक रेघ वाढवली की त्याचे महाप्राण रूप मिळते.

स्वरांची गोष्ट तर आपल्याला घरचीच वाटावी. क्वेन्या या एल्फभाषेसाठी तेंगवार लिहिताना स्वर व्यंजनाच्या डोक्यावर खुणेने दाखवतात, मात्रेसारखे. आणि क्वेन्यात ‘अ’ इतका येतो की त्याची खूण पुष्कळदा देतच नाहीत. टॉल्किन यांनी कादंबरीच्या ‘ई’ परिशिष्टात त्याचे उदाहरणही दिले आहे: दिवा या अर्थाचा ‘काल्मा’ हा शब्द नुसत्या तीन व्यंजनांनी लिहिला तरी वाचणारा बरोबर वाचतो, कारण त्या भाषेत ‘क्ल’ने शब्द सुरू होत नाही आणि ‘म’वर संपत नाही. व्यंजनात ‘अ’ गृहीत धरण्याची सवय आपल्या हाताला शतकानुशतके आहे. सिंदारिन या दुसऱ्या एल्फभाषेच्या एका पद्धतीत स्वराची खूण मागच्या व्यंजनावर न देता पुढच्या व्यंजनावर देतात, कारण त्या भाषेतले बरेच शब्द व्यंजनावर संपतात. मोरियाच्या पश्चिमद्वारावरच्या लेखात तर स्वरांना स्वतंत्र अक्षरे आहेत. एकच लिपी तीन तऱ्हांनी वापरली गेली आणि प्रत्येक तऱ्हेला भाषेतले कारण आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि मराठी देवनागरीत तो पाळतात, हे ज्याला माहीत आहे त्याला टॉल्किन यांच्या कामातला अस्सलपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

याच परिशिष्टात एक छोटी नोंद आहे, तिच्याकडे फार कुणाचे लक्ष जात नाही. दांडा वर आणि खाली दोन्हीकडे वाढवलेलीही अक्षरे होती, असे टॉल्किन लिहितात. ती बहुधा महाप्राणांसाठी वापरत, आणि कथेच्या काळातल्या भाषांना त्यांची गरज उरली नव्हती. म्हणजे ख, थ, फ यांची जागा या लिपीत आधीच राखून ठेवलेली आहे! मराठी तेंगवारमध्ये लिहायचे ठरवले तर महाप्राणांची अडचण येणार नाही. अडचण येईल ती स्तंभांची. तेंगवारला स्तंभ चार, आपल्याला वर्ग पाच. तिसरा स्तंभ तालव्यांना आणि चौथा कंठ्यांना देण्याची पद्धत टॉल्किन यांनीच एका भाषेसाठी सांगितली आहे, त्यामुळे क, च, त, प यांची सोय लागते. ट, ठ, ड, ढ मात्र बाहेर राहतात. चहातला च आणि चमच्यातला च यांचा भेद कसा दाखवायचा, ळ कुठे ठेवायचा, हेही ठरवावे लागेल. हा विचार करण्यात एखादी संध्याकाळ सहज निघून जाते आणि त्या संध्याकाळी आपण आपल्याच वर्णमालेबद्दल शाळेत शिकलो त्यापेक्षा जास्त शिकतो. जी कल्पित लिपी वाचकाला असा विचार करायला लावते, ती सजावट म्हणून बाजूला कशी सारता येईल?

म्हणूनच तेंगवारचा फाँट संगणकावर उतरवून कळफलकावर आपले नाव टाइप केले की जे उमटते ते बहुतेक वेळा निरर्थक असते. या लिपीत एका इंग्रजी अक्षरासमोर एक तेंगवार अक्षर असा हिशेबच नाही. आधी पद्धत ठरवावी लागते, मग उच्चार, मग अक्षर. अशी निरर्थक अक्षरे दंडावर गोंदवून घेतलेले लोक जगभर आहेत. या कादंबरीवरच्या पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटांत कथेतल्या नऊ सोबत्यांपैकी आठ भूमिका करणाऱ्या नटांनी ‘नऊ’ हा शब्द तेंगवारमध्ये गोंदवून घेतला, तो मात्र नीट विचारून.

आता अंगठीकडे. कादंबरीतला खलनायक सॉरॉन याच्या अंगठीवरचा लेख विस्तवात तापल्यावरच उमटतो आणि तो वाचताना गँडाल्फ ती अंगठी बाळगणाऱ्या फ्रोडोला सांगतो की अक्षरे एल्फांची आहेत, भाषा मात्र मॉर्डोरची. हे एक वाक्य पुष्कळ काही सांगून जाते. सॉरॉनने स्वतःची भाषा घडवली. लिपी मात्र त्याला एल्फांकडून घ्यावी लागली, कारण अंगठ्या घडवण्याच्या काळात तो त्यांच्यातच वावरला होता. ड्वार्फांचेही तसेच. आपली भाषा ते परक्याला शिकवत नाहीत, पण ती कोरतात ती एल्फ दाएरोनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रून अक्षरांत, अर्थात त्यांत आपले फेरफार करून. मोरियातल्या बालिन या ड्वार्फाच्या थडग्यावरचा लेख असाच आहे. लिपी एका समाजाकडून दुसऱ्याकडे जाते, वाटेत बदलते आणि कुणाचीच मक्तेदारी राहत नाही, ही गोष्ट भारतातल्या वाचकाला वेगळी सांगायला नको. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांत आज संस्कृतशी काही नाते नसलेल्या भाषाही लिहिल्या जातात.

टॉल्किन यांच्याकडूनही काही राहून गेले आणि ते त्यांनीच हेरले. मोरियातल्या त्या तीन पानांवर अक्षरे एल्फांची आणि ड्वार्फांची असली तरी मजकूर इंग्रजी आहे. कादंबरीची भूमिका तर अशी की मूळ ग्रंथ दुसऱ्याच एका भाषेत होता आणि टॉल्किन हे केवळ अनुवादक. मग खाणीत सापडलेल्या अस्सल पानावर इंग्रजी आली कुठून? पुढे लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी ही विसंगती स्वतःच नोंदवली. ज्या पानांसाठी त्यांनी इतका आग्रह धरला होता, त्यांच्याबद्दलही त्यांनी स्वतःला सूट दिली नाही.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’आधीच्या ‘द हॉबिट’मध्येही प्रकाशकाशी असाच तिढा झाला होता. त्यातल्या थ्रोर या ड्वार्फ राजाच्या नकाशावर चंद्राक्षरे आहेत. ज्या ऋतूत आणि ज्या आकाराच्या चंद्राखाली ती लिहिली, तसाच चंद्र त्याच ऋतूत पुन्हा उगवला तरच ती दिसतात, आणि एल्फांचा जाणता एलरॉन्ड ती वाचतो तेव्हा तो योग जुळून आलेला असतो. टॉल्किन यांची इच्छा होती की ही अक्षरे नकाशाच्या पाठीमागे छापावीत, म्हणजे वाचकाने पान उजेडासमोर धरले की ती दिसतील. १९३७ साली पुस्तक आले ते ही कल्पना गाळून. त्या पुस्तकातली रून अक्षरे बहुतांशी खरी, इंग्लंडात प्राचीन काळी वापरात असलेलीच होती. पूर्णपणे स्वतःची रून लिपी त्यांनी पुढच्या ग्रंथासाठी योजली.

टॉल्किन हे या प्रांतातले पहिले नव्हेत. १५१६ साली लूव्हाँला छापलेल्या थॉमस मोर यांच्या ‘युटोपिया’त एक पान युटोपियन वर्णमालेचे आहे: वर्तुळ, अर्धवर्तुळ, चौकोन, त्रिकोण यांपासून केलेली २२ अक्षरे आणि त्या लिपीत चार ओळींचे एक पद्य. पण वर रोमन अक्षर, खाली त्याचे युटोपियन रूप, अशी ती सरळ जोडी आहे. भाषाशास्त्रीय अंगाने तिच्यात काही नाही. तरी तिने आपले काम चोख केले: नसलेल्या बेटाला कागदोपत्री पुरावा दिला. एका पानात एवढे साधणे हीसुद्धा कारागिरीच.

अडचण त्यानंतरच्या अनुकरणांची आहे. इंग्रजी मुळाक्षरे घ्यायची, प्रत्येकासमोर एक नवे चिन्ह ठेवायचे आणि त्याला दूर देशीची लिपी म्हणायचे, हा रिवाज पडून गेला आहे. आयर्लंडचे लेखक इओन कोल्फर यांच्या ‘आर्टेमिस फाउल’मध्ये पानांच्या तळाशी अशीच सांकेतिक अक्षरे धावतात. मुलांना ती उलगडायला मजा येते, आणि तो खेळच असल्याने त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. ‘स्टार वॉर्स’मधली ऑरबेशही इंग्रजी अक्षरांना एकास एक अशीच आहे. हजारो ग्रहांच्या संस्कृतीने इंग्रजी स्पेलिंग कसे काय उचलले, हा प्रश्न तिथे विचारायचा नसतो. चित्रपटाच्या पडद्यावर ते खपते. पण साडेसातशे पानांची, राजवंशांच्या वंशावळ्या देणारी कादंबरी जेव्हा हेच करते तेव्हा तिने वाचकाला गृहीत धरलेले असते. भाषा वेगळी, तोंडातले ध्वनी वेगळे, लिहिण्याचे साहित्य वेगळे, आणि लिपीत मात्र सी आणि के ही दोन अक्षरे इंग्रजीसारखीच वेगवेगळी? हा आळस आहे.

सांकेतिक लिपीलाही इतिहास घडवता येतो, याचा दाखला मात्र मराठीतच आहे. महानुभाव पंथाच्या पोथ्या चौदाव्या शतकापासून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवल्या जाऊ लागल्या. देवनागरी अक्षरांच्या जागी ठरलेली दुसरी चिन्हे, अशी त्यांची रचना. धर्मग्रंथ परक्या आणि अनधिकारी माणसाच्या हाती लागू नयेत हा हेतू. परिणाम असा झाला की म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’सारखा मराठी गद्याचा सर्वांत जुना ठेवा पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके बंद राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहासच नव्याने मांडावा लागला. एका लिपीने आख्खे गद्य दडवून ठेवणे आणि एका संशोधकाने ते मोकळे करणे, यापेक्षा मोठे कथानक कोणत्या फँटसीत आहे?

लिपी चितारल्याशिवायही तिच्यावर खोल विचार करता येतो, हे अर्सुला ले ग्विन यांनी दाखवले. त्यांच्या ‘अर्थसी’ मालिकेत ६०० खऱ्या रून अक्षरांचा उल्लेख येतो. त्या जगात वस्तूचे खरे नाव उच्चारणे म्हणजे तिच्यावर सत्ता मिळवणे. मग ते नाव लिहिणे ही काही साधी कृती राहत नाही. शेजारचे कार्ग लोक तर लिहिण्यालाच चेटूक मानून दूर राहतात. लेखनाला घाबरणारा समाज हे एक कलम ले ग्विन यांनी लिहिले आणि त्यातून दोन संस्कृतींमधले वैर उभे केले. त्यासाठी त्यांना पानेच्या पाने चिन्हांनी भरावी लागली नाहीत.

ब्रँडन सँडरसन यांच्या ‘द वे ऑफ किंग्ज’ या २०१० सालच्या कादंबरीपासून सुरू झालेल्या मालिकेत लिहिणे-वाचणे हे बायकांचे काम आहे. सरदार, सेनापती निरक्षर. पत्र आले की बायको किंवा कारकून स्त्री वाचून दाखवते. बायकांच्या लिपीची अक्षरे आडव्या रेषेच्या वर आणि खाली सारखी आहेत, कारण त्या धर्मात सममिती पवित्र मानली जाते. पुरुषाने सांगितलेला मजकूर उतरवताना बायका खाली आपल्या टिपा जोडतात आणि त्या मोठ्याने वाचायच्या नाहीत असा संकेत पाळतात. म्हणजे पुरुषांच्या देखत, त्यांच्याच ग्रंथांत, त्यांना न कळणारा एक संवाद चाललेला असतो. पुढे एक सेनापती वाचायला शिकतो तेव्हा समाज हादरतो. चीनच्या हुनान प्रांतातल्या ज्यांगयोंग भागात बायकांनी आपापसांत जपलेली न्यूशू ही लिपी खरी होती. ती परंपरेने शिकलेल्या शेवटच्या जाणकारांपैकी यांग ह्वान्यी यांचे २००४ साली निधन झाले. सँडरसन यांचे गद्य कुणाला सपाट वाटेल, पण अक्षरावर कुणाचा हक्क हा प्रश्न त्यांनी फँटसीच्या मध्यभागी आणून ठेवला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

आणि एक टोकाचे उदाहरण. इटलीचे कलावंत लुइजी सेराफिनी यांनी १९८१ साली ‘कोडेक्स सेराफिनियानस’ हा एका अज्ञात जगाचा सचित्र ज्ञानकोश प्रसिद्ध केला. त्यातली लफ्फेदार लिपी अनेकांनी वर्षानुवर्षे उलगडू पाहिली. पृष्ठक्रमांक २१ हा पाया असलेल्या अंकपद्धतीत चालतात एवढे सापडले. मजकुराला अर्थच नाही, असे सेराफिनी यांनी नंतर स्वतः सांगितले. अक्षरओळख नसलेले मूल मोठ्यांचे पुस्तक उघडते तेव्हा त्याला जे वाटते ते वाचकाला वाटावे, हा त्यांचा हेतू होता. तो साधला आहे, म्हणून हे पुस्तक फसवणूक ठरत नाही.

कल्पित लिप्यांच्या चाहत्यांचे एक मोठे गाऱ्हाणे युनिकोडबद्दल असते. संगणकावर जगातल्या लिप्यांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या या व्यवस्थेत तेंगवार आणि टॉल्किन यांच्या रून अक्षरांचा समावेश व्हावा म्हणून लिपितज्ज्ञ मायकेल एव्हरसन यांनी १९९०च्या दशकातच प्रस्ताव दिले. ते अजून मार्गी लागलेले नाहीत. ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉनचा प्रस्ताव २००१ साली फेटाळला गेला, कारण ती भाषा लिहिणारेही बहुतेक रोमन लिपीच वापरतात. या गाऱ्हाण्याला सहानुभूती दाखवताना एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवायला हवा. सातशे वर्षे मराठीचा कारभार जिने चालवला त्या मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली. मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली, म्हणजे टॉल्किन आपली पहिली लिपी रोजनिशीत वापरू लागले त्याच्या आसपास. ती युनिकोडमध्ये आली २०१७ साली. तेलंगणातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांमधली गोंडी लिपी २०१८ साली. रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली संथाळीसाठी घडवलेली ओल चिकी २००८ साली. गडचिरोली-चंद्रपुरात आजही बोलल्या जाणाऱ्या भाषेच्या लिपीला शंभर वर्षे थांबावे लागत असेल, तर एल्फांच्या अक्षरांनी रांगेत मागे उभे राहावे हेच रास्त आहे. तेंगवारचा नंबर कधीतरी लागावा, पण जिवंत आणि दप्तरातल्या लिप्यांनंतर.

मसराम आणि मुर्मू यांची नावे इथे घेण्याला आणखी एक कारण आहे. नवी लिपी घडवणे हा आपल्या देशात परीकथेचा विषय नाही. भाषेला मान मिळावा म्हणून एकेका माणसाने आयुष्य वेचून ते केले आहे. मुर्मू यांनी अक्षरांचे आकार संथाळांच्या रोजच्या जगण्यातल्या वस्तूंवरून आणि निसर्गातून घेतले. टॉल्किन यांनी एल्फांसाठी जे कल्पिले, त्याला समांतर काम त्याच वर्षांत मयूरभंजातला एक शिक्षक खऱ्या लोकांसाठी करत होता. फँटसी लिहिणाऱ्या भारतीय लेखकाने हा धडा आधी वाचायला हवा.

मराठी वाचकाला आज ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुग्धा कर्णिक यांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या अनुवादात वाचता येते. मराठीत स्वतंत्र फँटसी लिहू पाहणारी नवी पिढीही पुढे येते आहे. तिच्याकडे जे भांडवल आहे ते ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाकडे नव्हते. आधी आडवी रेघ पानभर ओढून मग बोरू शक्यतो न उचलता लिहायची मोडी. तिचे यादवकालीन, चिटणिशी, पेशवेकालीन असे बदलत गेलेले वळण. शिलालेखांतली आणि ताम्रपटांतली नागरी. महानुभावांच्या पोथ्यांमधले संकेत. राज्यकर्ते बदलले की लिहिणाऱ्याचा हात कसा बदलतो, घाईचा कारकून अक्षर कुठे मोडतो, छापखाना आल्यावर कोणती लिपी मागे पडते, हे सगळे इथे कागदावर उरलेले आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे लाखो कागद पडून आहेत आणि ते वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नसली तरी फार थोडी आहेत.

तेव्हा मराठी लेखकांना विनंती आहे. आपल्या कल्पित राज्याची लिपी आखायची असेल तर आधी त्या लोकांच्या तोंडातले ध्वनी ठरवा, मग ते कशावर आणि कशाने लिहितात ते ठरवा, लिहिण्याचा हक्क कुणाला आहे ते ठरवा, आणि चित्रकाराकडे त्यानंतर जा. त्याआधी मोडीचा एक वर्ग करा. पुण्या-मुंबईत आणि इतर अनेक गावांत ते चालतात. प्रकाशकांना विनंती अशी की अनुवाद असो की स्वतंत्र कादंबरी, लिपीची परिशिष्टे, नकाशे आणि हस्तलिखिताची पाने खर्चाच्या सबबीवर गाळू नका. टॉल्किन यांच्या तीन पानांना पन्नास वर्षे थांबावे लागले; मराठीतल्या अशा पानांवर ती वेळ येऊ नये.